एका आठवड्याचं बिरुद

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या मंगळवारी धाकटीची मेल आली. तुमच्या बाबांना पुढच्या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या ताटाशी एक कार्ड ठेवायचं आणि त्यावर आपल्या हॅमिल्टनच्या घरातली जुनी बिरुदं छापायची, असा तुम्हा दोघांचा बेत आहे. धाकटीला स्वतःचं बिरुद आठवतं, दादाचं आठवतं, आईचं अर्धवट आठवतं. बाबांचं शेवटचं काय होतं ते मात्र आठवत नाही. तिने लिहिलं आहे की आजीकडे यादी असणारच, आजीकडे सगळ्याची यादी असते.

यादी आहे. एक ओळ गाळून ती मला त्याच दिवशी पाठवता आली असती आणि तुम्हाला कळलंही नसतं. पण मी एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला. दोन राजांच्या मधला तिसरा राजा गाळणाऱ्या मुलींचे मी गुण कापत आले. म्हणून यादीच्या आधी हे लिहिते आहे, आणि आत्ताच लिहिते आहे, कारण कार्डं एकदा छापली की उशीर होईल. मराठीत लिहिते, कारण जे झालं ते मराठीतच झालं. तुम्हाला वाचायला जड जाईल. आईकडून वाचून घ्या. बाबा घरात असले तरी चालेल.

माझं शिक्षण नन्सच्या शाळेत इंग्रजीतून झालं, आणि पुढे पुण्याच्या एका इंग्रजी शाळेत मी तोच इतिहास शिकवला. त्यामुळे युरोपचे राजे माझ्या डोक्यात कायमचे राहायला आले. त्यांची नावं मोजकीच, तीच ती पुन्हा येतात. एकाच नावाचे दहा-दहा, पंधरा-पंधरा राजे. मग ओळखायचं कसं? हा टकला, हा लठ्ठ, हा भोळा, हा तोतरा, हा बुटका. दरबारात कोणी असं तोंडावर म्हणत असेल असं नाही. बरीचशी बिरुदं राजा मेल्यावर पडलेली, म्हणजे ज्याची त्याला कधी कळलीच नाहीत. वर्गात हा भाग आला की मुली खुश असायच्या. मीही असायचे. आपल्याला नको असलेल्या माणसांची चेष्टा करायला इतिहासासारखी सोय नाही.

निवृत्तीनंतर मी वर्षभरासाठी तुमच्याकडे न्यूझीलंडला आले तेव्हा दादा नऊ वर्षांचा होता आणि धाकटी सहा. तुमची आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. तुमचे बाबा शहराबाहेरच्या दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात होते, पण तुम्हाला आता माहीत आहे त्या कामावर नाही. पुण्यात ते इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनिअर होते, हाताखाली चौदा माणसं होती. हॅमिल्टनमध्ये जिथे अर्ज केला तिथे एकच उत्तर मिळालं, की इथला अनुभव नाही. म्हणून ते पॅकिंगमध्ये उभे राहत. पंचवीस किलोच्या कागदी पोत्यांची तोंडं शिवणारं मशीन होतं, त्याच्यापुढे दिवसभर. पहाटे पाचला निघायचे, तीनला परत यायचे. गॅरेजमध्ये बूट काढून आत आले की भुवयांवर पांढरी पूड असायची आणि अंगाला गोड दुधाचा वास. तुम्ही दोघं तो वास घ्यायला त्यांच्या मानेत तोंड खुपसायचात.

मी आले ती तिथल्या वसंतात, पण ऑक्टोबरभर पाऊस होता. शाळेतून आलात की तुम्ही घरातच. मी मराठीत विचारायचे, तुम्ही इंग्रजीत उत्तर द्यायचात. तुम्हाला सगळं समजत होतं. बोलायला मात्र तयार नव्हतात. मी धडे काढले, फळा आणला, काही उपयोग झाला नाही. मग एके दिवशी दादाने बाबांच्या मोबाइलकडे बघत विचारलं, ब्लूटूथला ब्लूटूथ का म्हणतात. मी सांगितलं की तो डेन्मार्कचा एक राजा होता, त्याचा एक दात मेलेला, काळानिळा होता म्हणतात. मराठीत त्याला निळ्या दाताचा म्हणू.

तुम्ही दोघं जमिनीवर लोळलात. धाकटी म्हणाली, "आजी, अजून सांग ना, हीप्स सांग."

मी हीप्स, म्हणजे ढीगभर, सांगितले. सशाच्या पावलांचा राजा, लोखंडी बरगड्यांचा राजा, बल्गेरियाचा कोबी, आणि मौनी म्हणून प्रसिद्ध असलेला एक राजपुत्र, जो प्रत्यक्षात गप्पिष्ट होता, फक्त एकदा योग्य वेळी गप्प बसला. प्रत्येकाचं मराठी करायचं काम तुमच्याकडे दिलं. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. मग मी मास्तरीण असल्यामुळे त्याला नियम घातले. रविवारी वरण-भात झाला की दरबार भरेल. घरातल्या प्रत्येकाला एक बिरुद मिळेल आणि ते पुढच्या रविवारपर्यंत चालेल. बिरुद खऱ्या घडलेल्या गोष्टीवरून असलं पाहिजे, उगाच नाही. आणि ज्याला ते विचारतील त्याला पूर्ण मराठी वाक्यात सांगता आलं पाहिजे, 'कारण' हा शब्द घालून. त्या 'कारण'वर माझा भारी भर होता. नुसतं नाव घेऊन पळायचं नाही, पुरावा द्यायचा.

तक्ता तुमच्या बाबांनी केला. कारखान्यातून खराब निघालेल्या पोत्याचा तपकिरी कागद आणला, तो उलगडून इस्त्री केला आणि पट्टी घेऊन पेन्सिलीने रकाने आखले, मिलिमीटरमध्ये मोजून. शेवटची रेघ मारून ते मागे सरकून बघत होते तेव्हा तुमची आई मला हळूच म्हणाली की खूप दिवसांनी त्यांनी काही आखलं. तो तक्ता स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर लागला. लिहिणार मी, लाल शाईने, शाळेच्या सवयीने.

दादा ओळीने तीन आठवडे भांडकुदळ होता. त्या बिरुदाचा एक खरा ड्यूक होऊन गेला हे कळल्यावर त्याला त्याचा अभिमानच वाटायला लागला. धाकटी पावसाच्या गारठ्यात लांब पँट घालायला तयार नव्हती म्हणून आखूड विजारीची. तुमची आई तापात कामावर गेली म्हणून लोखंडी बरगड्यांची. आणि तुमचे बाबा भुवयांवरच्या पावडरीमुळे धवल. ते गॅरेजमधून आत आले की मी म्हणायचे, या धवल महाराज, आणि ते राजासारखा हात वर करायचे. मी त्यांना कायम अहो-जाहो करत आले, आपल्याकडे जावयाला करतात तसं. मला वाटायचं, 'अहो' लावलं की थट्टेचा काटा मोडतो.

एकदा दादाने विचारलं, "आजी, तुझं काय? तुझा रकाना रिकामा आहे."

"लिहिणाऱ्याला बिरुद नसतं," मी म्हणाले.

तुमचे बाबा हसत म्हणाले, "हा नियम कुठे लिहिलाय, आई?"

"मी लिहिते तोच नियम."

सगळे हसले. पण मला बिरुद होतं. ते मी तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. माझ्या निरोपसमारंभात दोन जुन्या विद्यार्थिनींनी भाषणात प्रेमाने सांगून टाकलं की अख्खी शाळा मला टाचणी म्हणायची. मी पेपरांना टाचण्या लावायचे म्हणून, आणि अंगकाठीमुळे, आणि मला वाटतं बोलण्यामुळेही. सभागृह हसलं, मी हसले, हार-नारळ घेऊन घरी आले आणि रडले. एकोणतीस वर्षं मी दारातून आत शिरताना पोरी काय पुटपुटत होत्या ते त्या दिवशी कळलं. त्यात वाईट काही नव्हतं आणि खोटंही काही नव्हतं. तरी मी ते तक्त्यावर लिहिलं नाही. म्हणजे बिरुद कसं लागतं ते मला ठाऊक होतं. मी अजाण होते असं तुम्ही पुढे समजू नका.

मार्चमध्ये तुमच्या आईबाबांनी एक घर बघितलं. आपल्या भाड्याच्या घरापासून दोन गल्ल्या पुढे, मागे लिंबाचं झाड असलेलं. बाबांनी गॅरेज मोजलं, कुंपणापासून झाडापर्यंतचं अंतर मोजलं, आणि ट्रॅम्पोलिन कुठे बसेल ते तुम्हाला कागदावर काढून दाखवलं. तुम्ही त्या घराला आपलं घर म्हणायला लागला होतात. तिथे घरं बोली लावून विकतात. शनिवारी त्याचा लिलाव होता. तुम्ही माझ्यापाशी होतात, ते दोघं गेले. तासाभराने परत आले. तुमच्या आईने नाही म्हणून मान हलवली. बाबा थेट मागे जाऊन लॉन कापत बसले. ते लॉन तीनच दिवसांपूर्वी कापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. वरण-भात झाला, दरबार भरला. तुमच्या बाबांना त्या दिवशी यायची इच्छा नव्हती, पण धाकटीने हात धरून आणलं. मी लाल पेन उघडलं. त्यांच्यासाठी बिरुद शोधायला मला क्षणही लागला नाही. इंग्लंडच्या एका राजाचं ते बिरुद मी दर वर्षी शिकवलं होतं, परीक्षेत विचारलं होतं: त्याला असं का म्हणत, दोन गुण. बापाने सगळी जमीन थोरल्या मुलांना वाटून टाकली, आणि सगळ्यात धाकटा, अगदी लहान पोर, त्याच्या वाट्याला काही उरलं नाही. तेव्हा बापच गमतीने त्याला बिनजमिनीचा म्हणाला. भूमिहीन हा शब्दही मला सुचला होता, पण तो सरकारी कागदासारखा वाटला. तुम्हाला समजावा म्हणून मी सोपा घेतला.

"बिनजमिनीचे," मी मोठ्याने म्हणाले आणि लिहिलं.

मला पुढे सांगायचं होतं की तो पोरगा नंतर राजा झाला आणि सगळं राज्य त्याचं झालं. शपथेवर सांगते, ते सांगायचं होतं. पण धाकटीने टाळ्या वाजवल्या, दादा ते इंग्रजीत ओरडत टेबलाभोवती फिरायला लागला, आणि वाक्य राहून गेलं. तुमची आई माझ्याकडे बघत होती. वर्गात एखादी मुलगी नक्कल करताना सापडली की मी बघायचे, तसं.

तुमच्या बाबांनी तक्ता वाचला. मग म्हणाले, "बरोबर आहे, आई. नियमात बसतं."

तुमच्या आईने तसं का बघितलं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून सांगते. तुमच्या बाबांचं गाव सातारा जिल्ह्यात. तिथे वडिलोपार्जित जमीन होती, दोन भावांची. न्यूझीलंडला जायचं ठरल्यावर त्यांनी आपल्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र थोरल्या भावाच्या नावाने करून दिलं. भाऊ तिथे राबतो, मी परदेशातून बांधावर हक्क सांगायला कशाला येऊ, असं म्हणाले. सही करून आले त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला होते. एरवी गोड न सोडणारा माणूस शिरा न खाता उठला. म्हणजे मी लिहिलं ते खरं होतं, लिलावापेक्षा खरं. त्यांच्याकडे गावची जमीन नव्हती, पुण्याचा फ्लॅट विकलेला, आणि तिथलं घरही गेलं.

मी तुमच्या आईला वीस वर्षं सांगत आले की ते हक्कसोडपत्र माझ्या ध्यानातच नव्हतं. होतं. माझी एकुलती एक मुलगी या माणसाने उचलून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेली होती. हातात नोकरी नसताना कोणी देश सोडतं का, असं मी पुण्यात दोनदा म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. तिसऱ्यांदा म्हणायची सोय नव्हती, कारण मी त्यांच्या घरात राहत होते, त्यांचं अन्न खात होते. माझी आई लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. मी वर्षभर राहिले होते, आणि बोलायचं ते इंग्लंडच्या राजाच्या तोंडून बोलले.

तरीही ते एका आठवड्याचंच होतं. पुढच्या रविवारी उतरलं असतं. पण त्याच्या आदल्या दिवशी शनिवारी पाडव्याचा कार्यक्रम होता.

हॅमिल्टनमधली मराठी मंडळी तेव्हा थोडीच होती. बहुतेक पुण्या-मुंबईची, कॉम्प्युटरवाली नाहीतर इंजिनिअर. एका शाळेचा हॉल घेतलेला, स्टेजवर गुढी, टेबलावर श्रीखंड-पुरी. मुलांसाठी कार्यक्रम होता: एकेकाने स्टेजवर यायचं आणि मराठीत आईबाबांची ओळख करून द्यायची. बरीच मुलं दोन शब्द बोलून खाली पळाली. काही बोललीच नाहीत. मग धाकटी गेली. आखूड विजार, पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, केसात मी घातलेला गजरा. माईक दोन्ही हातांनी धरला आणि खणखणीत आवाजात, मी शिकवलं होतं तसं पूर्ण वाक्य बोलली:

"माझे बाबा बिनजमिनीचे आहेत, कारण त्यांना घर मिळालं नाही."

धाकटे, यात तुझी काडीइतकी चूक नव्हती. तुला दुसरं एवढं मोठं मराठी वाक्य येत नव्हतं. ते मी तुझ्याकडून आठवडाभर रोज म्हणवून घेतलं होतं, 'कारण' सकट.

हॉल हसला. दुष्टपणे नाही, लहान मुलगी बोलली की लोक हसतात तसं. टाळ्या पडल्या. दोन बायका मुद्दाम माझ्यापाशी येऊन म्हणाल्या की किती शुद्ध बोलते, आजीची कमाल आहे. आणि मी, हे लिहिताना मला आजही जड जातं, मी थँक्यू म्हणाले. जेवणाच्या रांगेत तुमच्या बाबांच्या पुढे त्यांच्याच वयाचा एकजण होता, दोन वर्षांपूर्वी आलेला, घर घेतलेला. तो वळून पुऱ्यांचं ताट पुढे करत म्हणाला, "घ्या जमीनदार, लाजू नका." रांग पुन्हा हसली. बाबाही हसले. त्यांनी एक पुरी घेतली.

आम्ही गाडीने परत निघालो. धाकटीने मागून विचारलं, "बाबा, मी बरोबर बोलले?"

"छान बोललीस," बाबा आरशातून तिच्याकडे बघत म्हणाले. "सगळं ऐकू आलं."

रविवारी सकाळी उठले तर बाबा कामावर गेले होते. त्यांनी रविवारची पाळी मागून घेतली होती. मी व्हाइटनरची बाटली घेतली आणि तक्त्यावरचा तो शब्द झाकला. तपकिरी कागदावर पांढरा ठिपका लांबूनही दिसायला लागला. दरबार आणखी तीन रविवार भरला, मग कोणी बोलावलं नाही. बाबा पुढचे सहा महिने रविवारी घरी नव्हते.

मंडळीत मात्र ते जमीनदारच राहिले. पुढे एका वाढदिवसाला गेले तिथेही कोणीतरी दारातच जमीनदार आले असं म्हणालं. म्हणणाऱ्याला ते कुठून आलं हेसुद्धा माहीत नसावं. बिरुदांचं असंच असतं, कारण गळून जातं आणि शब्द राहतो. त्यानंतर तुमचे आईबाबा त्या लोकांत जाईनासे झाले. गणपतीला नाही, दिवाळीला नाही. तुम्हाला मराठी बोलणारी दुसरी मुलं भेटायची ती तिथेच. मी ज्यासाठी हा सगळा खेळ मांडला ते तुमचं मराठी तिथे थांबलं. आज तुम्हाला हे आईकडून वाचून घ्यावं लागतं आहे, त्याचं कारण हे आहे. कारणासकट सांगते आहे.

मी माफी मागितली का? एकदा गॅरेजमध्ये गेले होते. ते बुटांवरची पावडर ब्रशने झाडत होते. सासूने जावयाची माफी कशी मागायची याला आपल्याकडे शब्द नाही, निदान मला सापडला नाही, म्हणून मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी मला पुरं करू दिलं नाही.

"आई, तो खेळ होता," ते म्हणाले आणि ब्रश खिळ्याला लावला.

मी ते वाक्य झेलून घेतलं. त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं होतं असं मला वाटलं. खरं तर त्यांनी ते लावून घेतलं होतं.

त्या वर्षी अधिक महिना आला, तिथल्या ऐन हिवाळ्यात. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. मी तांदूळ तीन दिवस भिजवले, पण त्या ओल्या हवेत पीठ नीट सुकेना. पहिला घाणा कढईत हसला, सगळे अनारसे विरघळून तळाशी गेले. दुसराही हसला. पाचव्या दिवशी हीटरसमोर सुकवलेल्या पिठाचे जमले. चांदीचं ताट नव्हतं, स्टीलच्या ताटात तेहतीस रचले, वर दिवा ठेवला. बाबांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, मला वाकून नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे डब्यात भरून कारखान्यात नेले. डबा रिकामा आणि धुतलेला परत आला. त्यांच्या पाळीवरचा माओरी मुकादम म्हणाला होता की तुझ्या सासूला माझा किआ ओरा, म्हणजे नमस्कार, सांग, हे फार छान आहे. एवढा निरोप त्यांनी प्रामाणिकपणे मला दिला. त्यांनी एक तरी खाल्ला का, ते मी विचारलं नाही. वर्ष पुरं झाल्यावर सप्टेंबरमध्ये मी पुण्याला परत आले.

तीन वर्षांनी पुन्हा तुमच्याकडे आले, तोवर सगळं पालटलं होतं. कारखान्यातच त्यांना इन्स्ट्रुमेंटचं काम मिळालं होतं. तुम्ही आता ज्याला आपलं घर म्हणता ते घर घेतलं होतं, पहिल्यापेक्षा मोठं, मागे लिंबू आणि पेरूसारखं फळ देणारं फिजोआ, अशी दोन्ही झाडं. मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "आई, चला, दाखवतो." मला वाटलं घर दाखवतील. त्यांनी मला बाहेर नेलं आणि प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर नेलं. प्रत्येक कोपऱ्यात गवतात बुडालेली एक खुंटी होती, मोजणीवाल्यांनी ठोकलेली. ती ते वाकून, गवत बाजूला करून मला दाखवत. ही एक. ही दुसरी. मी पासष्टीजवळ आले होते, उतार होता, त्यांनी माझा हात धरला होता. चौथ्या खुंटीपाशी आम्ही थांबलो. मी बोलायची ती वेळ होती. इतकी सरळ वेळ आयुष्यात क्वचित येते.

"छान आहे," मी म्हणाले. "फिजोआला बहर चांगला आहे."

मग आम्ही चहाला आत आलो.

त्या राजाबद्दल वर्गात मी कधी एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती पुस्तकात नव्हती आणि मला सुचली नव्हती. बापाने गंमत केली तेव्हा ते पोर तिथेच असेल का? मोठ्यांच्या हसण्यात तेही हसलं असेल का? त्याला पुढे अख्खं राज्य मिळालं. तरी आठशे वर्षांनंतर पुण्यातल्या मुली दोन गुणांसाठी लिहीत होत्या की त्याच्याकडे जमीन नव्हती.

तेव्हा कार्डांबद्दल. दादाच्या कार्डावर भांडकुदळ छापा, धाकटीच्या आखूड विजारीची, आईच्या लोखंडी बरगड्यांची. माझ्या कार्डावर टाचणी छापा. मी नसले तरी ते ताट मांडा. बाबांच्या कार्डावर धवलसुद्धा नको, तेही मीच दिलेलं आहे. नुसतं त्यांचं नाव लिहा, त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं. आणि हे वाचताना ते घरात असतील, तर गॅरेजमध्ये जे मी अर्धवट सोडलं ते इथे पुरं करते: माझं चुकलं, आणि ते चुकून झालं नव्हतं.

तक्ता माझ्याकडे आहे. येताना मी तो भिंतीवरून काढून गुंडाळून आणला होता. काल कपाटातून काढून टेबलावर पसरला. बाबांनी आखलेल्या रेघा अजून सरळ आहेत. व्हाइटनर कोरडा होऊन सुटला आहे, त्याचे तुकडे गुंडाळीत पडले होते. खाली लाल अक्षरात लिहिलेलं सगळं वाचता येतं.